संकरित ट्रायकोसेरियस: पॉलीहाऊसमध्ये उभा कॅक्टस जोमाने कसा वाढवावा

माझ्याकडच्या सगळ्यात जुन्या ट्रायकोसेरियसला कंबर आहे. बुंध्यापासून वीतभर वर खांब एकदम बारीक होतो, चार बोटं तसाच जातो आणि मग पुन्हा जाड होतो. त्या वर्षी मे महिन्यात ऊन फार वाटलं म्हणून मी पॉलीहाऊसवर ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट टाकली आणि ती थेट दिवाळीनंतर काढली. मधल्या काळात झाड वाढत होतं, शेंडा कोवळा पोपटी दिसत होता, आणि मी खूश होतो. उजेड कमी पडल्यामुळे ते नुसतं लांबत चाललंय, हे कळेपर्यंत सहा महिने गेले होते. ती कंबर आता भरून येणार नाही.

उभ्या कॅक्टसचं हे असंच असतं. पाणी कधी तुटलं, खत कधी जास्त झालं, ऊन कधी कमी पडलं, हे सगळं त्याच्या अंगावर खालून वर क्रमाने उमटतं आणि तसंच राहतं. हे झाड भराभर वाढतं, म्हणून चूकही भराभर लांबते. त्याला वाढवणं अवघड नाही. मात्र त्याचा वेग कशातून येतो, हे आधी समजून घ्यावं लागतं. पॉलीहाऊसच्या उष्णतेतून तो येत नाही. तो येतो मुळांना मिळणाऱ्या हवेतून आणि गार रात्रीतून. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

झाड कोणतं, ते आधी

आपल्याकडे निवडुंग या एकाच नावाखाली बरंच काही येतं. शेताच्या कुंपणावरचा, तोडला की पांढरा चीक येणारा त्रिधारी निवडुंग कॅक्टस नव्हे. तो युफोर्बियाच्या कुळातला. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, पण तो मूळचा अमेरिका खंडातला. फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे कॅक्टसच्या खांबावर काटे जिथून निघतात तिथे लोकरीसारखा छोटा ठिपका असतो. फूल, फांदी, काटे, सगळं त्या ठिपक्यातूनच येतं. या लेखात त्याला मी ‘डोळा’ म्हणणार आहे.

ट्रायकोसेरियसच्या ज्या जातींपासून हे फुलांचे संकर झाले, त्यांतल्या बऱ्याच अर्जेंटिनाच्या वायव्य भागातल्या कोरड्या डोंगरांतल्या आहेत. कँडिकन्सची फुलं पांढरी, सुवासिक आणि रात्री उमलणारी. हुआशाची लाल किंवा पिवळी. कातामार्का प्रांतातल्या ग्रँडिफ्लोरसची लालभडक. स्पाकियानस सोनेरी काट्यांचा, सरळसोट वाढणारा. १९७४ साली हा सगळा गट एकिनॉप्सिस या प्रजातीत घातला गेला, आणि अलीकडे पुन्हा त्याचे तुकडे झाले. त्यामुळे एकाच झाडावर एका नर्सरीत एक नाव आणि दुसऱ्या नर्सरीत दुसरं नाव दिसलं तर गोंधळू नका. अमेरिकेत ट्यूसन इथे मार्क डिमिट यांनी या संकरांवर बरीच वर्षं काम केलं. ‘फ्लाइंग सॉसर’ नावाचा जो संकर आहे, त्याचं फूल वीतभर रुंद होतं. खांब मनगटापेक्षा थोडा जाड, आणि बुंध्यातून पिल्लं फुटून त्याचा हळूहळू झुबका होतो.

त्या मुलखात पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा, थंड असतो. म्हणजे ऋतूंचा क्रम आपल्या पठारासारखाच. फरक आहे तो पावसाच्या प्रमाणात आणि रात्रीच्या गारव्यात. पुणे, नाशिक, सातारा, अहिल्यानगर, संभाजीनगर या पट्ट्यात हे झाड उत्तम होतं. विदर्भातही होतं, पण तिथे मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा उतरत नाही, म्हणून तेवढे दिवस झाड थांबून राहतं. कोकण, गोवा आणि मुंबईकरांना मी मनापासून सांगेन की फुलांसाठी हे घेऊ नका. खांब वाढतील, पण थंडी नसल्यामुळे कळ्या अगदीच कमी येतील. तिथे साधा सेरियस लावा. नर्सरीत तो बहुधा ‘पेरुव्हियानस’ नावाने मिळतो, दमट हवा बऱ्यापैकी सोसतो, आणि वेगात ट्रायकोसेरियसलाही मागे टाकतो.

रोप शक्यतो देशातल्याच नर्सरीतून घ्या. जवळजवळ सगळे कॅक्टस साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा) कराराच्या परिशिष्टांत येतात, शिवाय वनस्पती विलगीकरणाची कागदपत्रं लागतात. परदेशातून पाकिटात गुपचूप मागवलेलं कटिंग बेकायदा तर असतंच, पण वाटेत बहुतेक वेळा कुजूनही येतं. विकत घेताना फुलाच्या फोटोवर भाळू नका. शेंडा बघा. शेंड्यावरचे काटे दाट, ताजे आणि रंगीत असतील तर मुळं चालू आहेत. शेंडा बोथट, खरखरीत, तपकिरी असेल तर तिथे लाल कोळी ही बारीक कीड होती किंवा अजून आहे.

छप्पर उबेसाठी नाही, पावसासाठी

युरोपात कॅक्टसला काचेचं घर लागतं ते थंडीमुळे. आपल्याला छप्पर लागतं ते जून ते सप्टेंबर मातीत पाणी साठू नये म्हणून. हा फरक ध्यानात ठेवूनच पॉलीहाऊस बांधा. गुलाब-जरबेराच्या पॉलीहाऊसची नक्कल केलीत, तर एप्रिलमध्ये आत भट्टी होईल.

घरगुती छंदासाठी १० बाय २० फुटांचा सांगाडा भरपूर झाला. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप वापरा. मध्ये किमान १२ फूट उंची ठेवा आणि माथ्यावर गरम हवा बाहेर पडायला लांबच्या लांब फट ठेवा. उंची कमी केली की पैसे वाचतात, पण पुढची दहा वर्षं झाडं त्याची किंमत मोजतात. कागद २०० मायक्रॉनचा, यूव्ही प्रक्रिया केलेला, आणि शक्यतो दुधाळ घ्या, म्हणजे ऊन पसरून येतं आणि खांबाच्या एकाच बाजूला चटका बसत नाही. कागद बांधायला दोरी किंवा तार नको. अॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये झिगझॅग स्प्रिंगने तो ताणून बसवा. मे महिन्यातला वळीव ढिला कागद एका झटक्यात फाडतो. लांबी उत्तर-दक्षिण ठेवली तर पाइपांच्या सावल्या दिवसभर सरकत राहतात, एकाच झाडावर बसत नाहीत.

चारही बाजू उघड्या ठेवा. नुसती तारेची जाळी लावा, म्हणजे उंदीर आणि कुत्री आत येणार नाहीत. कीटकरोधक बारीक जाळी लावायचा मोह होतो, पण तिने वारा कोंडतो. कॅक्टसच्या बाबतीत कोंडलेली हवा चार किड्यांपेक्षा वाईट. फक्त पश्चिम आणि नैऋत्य बाजूला गुंडाळता येणारा पडदा ठेवा, पावसाळ्यात आडव्या सरी तिथूनच येतात. आत कमाल-किमान तापमापक टांगा. दुपारी आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंशांहून जास्त चढत असेल, तर वाट आणखी मोकळी करायला हवी.

छपराचा आणखी एक मोठा उपयोग आहे. आपल्या बोअरवेलचं पाणी जड असतं. त्या पाण्याने दोन-तीन वर्षांत मातीवर पांढरा थर चढतो, मातीतलं लोह झाडाला मिळेनासं होतं आणि शेंडा पिवळा पडतो. पावसाचं पाणी या झाडाला अमृतासारखं. २०० चौरस फूट छपरावर १० मिलिमीटर पाऊस झाला तर साधारण १८५ लिटर पाणी मिळतं. म्हणजे दोन-तीन चांगल्या सरींत ५०० लिटरची टाकी भरते. पन्हळ लावा, पहिल्या पावसाचं धुळकट पाणी सोडून द्या, बाकीचं झाकण असलेल्या टाकीत साठवा. हे मी चौथ्या वर्षी केलं. पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.

वाफा की कुंडी?

वेग हवा असेल तर वाफा. यात मला शंका नाही. कुंडीत माझा खांब वर्षाला अर्धा फूट वाढतो, तीच जात वाफ्यात त्याहून कितीतरी पुढे जाते. मुळं पसरायला जागा मिळते, आणि वाफ्यातली माती कुंडीसारखी दुपारी तापत नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला एप्रिलच्या दुपारी हात लावून बघा, म्हणजे मुळांचं काय होत असेल ते कळेल.

वाफा जमिनीपासून दीड फूट उंच घ्या. खाली विटांचे अर्धुकडे आणि दगडगोटे यांचा सहा इंच थर, वर एक फूट मिश्रण. आजूबाजूची जमीन काळी असेल तर ही उंची सोडू नका. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, आणि खालून ओल वर चढवते. दोन खांबांत दीड फूट अंतर ठेवा. सुरुवातीला ते ओकंबोकं दिसतं, पण पिल्लं फुटली की तिसऱ्या वर्षी हात घालायला जागा उरत नाही.

कुंडीतच वाढवायचं असेल तर मातीची किंवा पांढऱ्या रंगाची कुंडी घ्या, खांबाच्या जाडीच्या दुपटीएवढ्या तोंडाची. फार मोठी नको, कारण मुळं पोचत नाहीत त्या मातीत ओल राहते आणि ती आंबते. दोन वर्षांनी कुंडी बदला.

मिश्रण मी घमेल्याने मोजतो. चार घमेली विटांचे तुकडे, हरभऱ्यापासून बोराएवढे. तीन घमेली जाड वाळू किंवा धुतलेली क्रश सँड. दोन घमेली पोयटा किंवा लाल माती. दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. वर अर्धं घमेलं लाकडी कोळशाचे तुकडे आणि दोन मुठी निंबोळी पेंड. वीट चांगली भाजलेली हवी. तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी बोटाने चुरला तर ती वीट नको, सहा महिन्यांत तिचा चिखल होईल. क्रश सँडमधली बारीक भुकटी चाळून आणि धुऊन काढल्याशिवाय वापरू नका, ती सिमेंटसारखी बसते. कोकोपीट मी टाळतो. पावसाळ्यात ते ओलं राहतं आणि उन्हाळ्यात एकदा का कडकडीत वाळलं की पाणी आत घेत नाही. मिश्रण जमलं की नाही हे तपासायला कुंडी भरून वर तांब्याभर पाणी ओता. पाच-सात सेकंदांत पाणी आत गेलं पाहिजे.

कटिंग लावणं: इथे घाई केली तर सगळं गेलं

संकरित झाड बियांपासून जसंच्या तसं येत नाही. तेच फूल हवं असेल तर पिल्लू किंवा कटिंग हाच मार्ग. एका जुलैत मला चौदा कटिंगं मिळाली. काप दोन दिवसांत वरवर सुकल्यासारखा दिसला म्हणून मी ती ओलसर मिश्रणात लावली. गणपतीपर्यंत त्यांतली अकरा गेली. उरलेली तीन आजही वाफ्यात आहेत. तेव्हापासून मी पावसाळ्यात खांबाला सुरी लावत नाही.

कापायची वेळ फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर. तुकडा किमान वीतभर लांब घ्या. सुरी पातळ आणि धारदार हवी. स्पिरिटने पुसून घ्या आणि एकाच ओढीत कापा. मग तुकड्याच्या खालच्या कडा पेन्सिलीला टोक काढतो तशा चहूबाजूंनी तिरप्या तासा. याचं कारण असं की सुकताना मधला गाभा आत ओढला जातो, बाहेरची साल तशीच राहते आणि खाली वाटीसारखा खोलगा तयार होतो. त्या खोलग्यात ओल साठते. मुळं गाभ्याभोवतीच्या कड्यातून येतात, म्हणून तो भाग सगळ्यात खाली असायला हवा.

कापावर गंधकाची पूड लावा आणि तुकडा सावलीत, वाऱ्यावर, उभा ठेवा. रिकाम्या कुंडीत किंवा दुधाच्या कॅनमध्ये उभा करता येतो. आडवा ठेवला तर शेंडा वरच्या बाजूला वळतो आणि मुळं एका कुशीतून फुटतात. मनगटाएवढ्या जाडीला तीन आठवडे तरी लागतात. काप टणक, पिवळसर-पांढरा आणि नखाने टकटक वाजेल असा झाला की कोरड्या मिश्रणावर दोन इंच खोल रोवून काठीला सैल बांधा. पाणी द्यायचं नाही. महिनाभराने खांब हलकेच वर उचलून बघा. विरोध जाणवला की मुळं धरली. त्यानंतर पहिलं पाणी, तेही थोडंच.

मागे राहिलेला खुंट फेकू नका. कापाखालच्या डोळ्यांतून दोन-तीन महिन्यांत तीन-चार पिल्लं येतात. माझी निम्मी बाग अशा खुंटांवर उभी आहे.

पाणी, आणि रात्र महत्त्वाची का

बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात. कॅक्टस दिवसा ती बंद ठेवतो, म्हणजे पाणी उडत नाही. रात्री हवा गार झाली की छिद्रं उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचं अन्न करतो. रात्र उकाड्याची असली तर ही साठवण नीट होत नाही, उलट साठवलेलं खर्च होतं. म्हणून पॉलीहाऊसच्या बाजू रात्री बंद करायच्या नाहीत, आणि पाणी संध्याकाळी द्यायचं, जेणेकरून माती आणि हवा दोन्ही गार होतील.

‘कॅक्टसला पाणी नको’ हा समज या झाडाच्या बाबतीत सोडून द्या. वाढीच्या दिवसांत त्याला भरपूर पाणी लागतं. फक्त दोन पाण्यांच्या मध्ये माती वाळली पाहिजे. पठारावर वाढीचे दोन हंगाम मिळतात. पहिला फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, दुसरा सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत. या काळात कुंडीला आठवड्यातून एकदा, कडक ऊन असेल तर पाच दिवसांनी, खालच्या भोकातून वाहीपर्यंत पाणी द्या. रोज कपभर देऊ नका. त्याने वरचे दोन इंच ओले राहतात आणि खालची मुळं मरतात. वाफ्याला दहा-बारा दिवसांनी पुरतं. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर थांबा.

मे महिन्यात रात्रीचा पारा २५ अंशांच्या खाली येईनासा झाला की पाणी निम्मं करा. झाड थांबलेलं असतं. मृग बरसला की हवा गार होते, पण दमट असते. तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा, तेही सलग दोन दिवस उघडीप मिळाली तरच. भाद्रपदातलं ऊन पडायला लागलं की पुन्हा पहिल्यासारखं. डिसेंबर आणि जानेवारी पूर्ण कोरडे ठेवा. खांब किंचित आक्रसतो, त्याच्या धारा उठून दिसतात, रंग थोडा उतरतो. घाबरून पाणी देऊ नका. ही थंड, कोरडी विश्रांतीच कळ्या आणते. ज्यांच्या झाडाला पाच-पाच वर्षं फूल येत नाही, त्यांनी आधी जानेवारीतलं पाणी बंद करून बघावं.

खत आणि ऊन

खताबद्दल थोडक्यात. वाढीच्या दोन्ही हंगामांत दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) लिटरला एक ग्रॅम, आधी ओल्या केलेल्या मातीत. जानेवारीनंतरच्या पहिल्या पाण्यात ०:५२:३४ एक ग्रॅम. महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट एक ग्रॅम, पण ते वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या बादलीत, कारण स्फुरदाच्या खतात मिसळलं तर साका होऊन तळाला बसतं. युरिया नको. नत्र जास्त झालं की खांब फुगतो, साल तडकते, आणि ती चीर कायमची राहते. शेंडा पिवळा पडला तर आधी पाणी बदलून पावसाचं द्या, मग चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह.

उन्हाकडे मात्र जास्त लक्ष द्या. दुधाळ कागदाखाली वर्षातला बराच काळ वेगळी सावली लागत नाही. मार्चच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत ३५ टक्क्यांची नेट पुरते. विदर्भात ५० टक्क्यांची. आणि पाऊस लागला की ती काढा. ढगाळ हवेत नेट राहिली की कंबर पडलीच. नवीन आणलेलं रोप थेट उन्हात ठेवू नका, दोन-तीन आठवडे हळूहळू सरकवा. नर्सरीत त्याची जी बाजू उन्हाकडे होती तिच्यावर खडूने खूण करून घरीही तीच दिशा द्या. भाजलेली साल आधी पांढरट होते, मग खाकी, मग खपली धरते. ती हिरवी होत नाही.

शेंडा निमुळता झालाय असं दिसलं की थांबू नका. त्याच आठवड्यात उजेड वाढवा. बारीक भाग बोटभर असेल तर पुढची वाढ सावरते. वीतभर झाला तर तो वरच्या वजनाने वाकणार. मग बांबूचा आधार द्या आणि सुती कापडाच्या पट्टीने बांधा, नायलॉनची दोरी सालीत रुतते. किंवा ऑक्टोबरमध्ये बारीक भागाच्या वर कापून शेंडा नव्याने रुजवा. मी माझी कंबर ठेवली, कारण तिच्या खालून सहा पिल्लं आली.

कीड आणि कूज

पिठ्या ढेकूण हा नेहमीचा पाहुणा. शेंड्यातल्या लोकरीत कापसाचे पुंजके दिसतात. थोडेच असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा काडीला लावून पुसा. मुळांवरचा ढेकूण अधिक त्रासदायक, कारण वरून काहीच दिसत नाही, फक्त वाढ थांबते. पाणी, ऊन ठीक असूनही मार्चमध्ये शेंडा हलत नसेल तर कुंडी उलटी करून बघा. मुळांवर पांढरी पूड दिसली तर माती पूर्ण धुवा, मुळं कापून सुकवा आणि नव्या मिश्रणात लावा. याच ढेकणाच्या जवळच्या नात्यातल्या कोचिनील किड्याने एकेकाळी भारतातल्या फड्या निवडुंगाची रानंच्या रानं साफ केली आहेत. १९२६ साली तो त्यासाठी मुद्दाम श्रीलंकेहून आणला गेला होता. तेव्हा कापसाचा पहिला पुंजका दिसला की दुर्लक्ष करू नका.

लाल कोळी डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. उन्हाळ्यात शेंड्याजवळची साल गंजल्यासारखी तपकिरी होते. पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी, आणि तेही पारा ३२-३३ अंशांच्या खाली असतानाच फवारा. त्यावर गेल्यास गंधकच साल भाजतं. निंबोळी तेलही भर उन्हात नको. आणि फुलं उमललेली असताना काहीही फवारू नका. पहाटे त्या फुलांत मधमाश्या असतात.

कूज लागली तर हात थरथरू देऊ नका. बुंध्याला पिवळसर, मऊ, ओला डाग दिसला की त्याच दिवशी कापा. पहिली चकती पूर्ण तपकिरी निघते आणि आंबूस वास येतो. सुरी स्पिरिटने पुसा, बोटभर वर दुसरी चकती काढा. आता कडेचा भाग हिरवा, पण मधल्या कड्यात विटकरी ठिपके. पुन्हा सुरी पुसा, पुन्हा वर जा. बरेच जण इथेच थांबतात, कारण खांब आखूड होताना बघवत नाही. पण एकही रंगीत ठिपका राहिला तर तो महिन्याभरात शेंड्यापर्यंत पोचतो. चकती काकडीसारखी स्वच्छ, मधलं कडं पांढरं, असं दिसेपर्यंत कापत जा. त्यानंतर आणखी बोटभर. मग गंधक लावा आणि पावसाळा असेल तर सरळ दिवाळीपर्यंत कोरडं उभं ठेवा. झाड मरत नाही. वर्षभर बिनमुळांचा तुकडा जगलेला मी पाहिला आहे.

फूल, आणि त्यातून पुढचा संकर

फेब्रुवारीच्या शेवटी एखाद्या डोळ्यात करड्या लोकरीचा गोंडा दिसतो. पिल्लूही तसंच सुरू होतं, पण पिल्लावर लवकरच काटे येतात, कळी मात्र केसाळच राहते. कळी दिसल्यावर कुंडी फिरवू नका आणि पाणी तोडू नका, नाहीतर ती वाळून गळते. शेवटच्या दोन दिवसांत कळी बोट-दोन बोटं लांबते आणि टोक फुगतं. त्या संध्याकाळी खुर्ची घेऊन बसा. आठच्या सुमारास बाहेरच्या पाकळ्या सैल होतात. हळूहळू मधल्या सुटतात, आणि साडेदहा-अकरापर्यंत वीतभर फूल पूर्ण उघडतं. आतल्या केसरांच्या दोन रांगा टॉर्चच्या उजेडात पिवळ्याधमक दिसतात. एप्रिलच्या उन्हात ते दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत मान टाकतं. सावली आणि गारवा असेल तर संध्याकाळपर्यंत टिकतं.

यातली बहुतेक झाडं स्वतःच्या परागाने फळत नाहीत. एकाच झाडापासून केलेली दहा कटिंगं म्हणजे एकच झाड, त्यांच्यातही फळ धरत नाही. दोन वेगळे संकर एकाच रात्री उमलले तर रंगाच्या मऊ ब्रशने पराग घ्या आणि दुसऱ्याच्या मधल्या ताऱ्यासारख्या कुक्षीवर भरपूर लावा. एकच उमललं असेल तर पराग कागदाच्या पुडीत, सिलिका जेलच्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसरी कळी उमलायची वाट बघा. फुलाच्या देठाला लोकर बांधा, आणि आई कोण, बाप कोण हे तिथल्या तिथे लिहा. सकाळी नक्की आठवत नाही.

फळ दीड-दोन महिन्यांत पिकून तडकतं. मुंग्या पोचायच्या आत काढा, गर धुवा, काळ्या बिया कागदावर वाळवा. पेरणी सप्टेंबरमध्ये, झाकणाच्या पारदर्शक डब्यात, चाळलेल्या आणि कुकरमध्ये वाफवलेल्या मिश्रणावर. बिया झाकायच्या नाहीत, त्यांना उजेड लागतो. २५ ते ३० अंशांत आठवड्याभरात हिरवे ठिपके दिसतात. वर्षाने ते बोराएवढे होतात. घाई असेल तर ड्रॅगन फ्रूटच्या कोवळ्या फांदीवर कलम करा. सांगली-सोलापूरकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागा आहेत, छाटणीच्या वेळी फांद्या सहज मिळतात. कलमावरचं रोप मूठभर झालं की उतरवून स्वतःच्या मुळांवर लावा.

पहिलं फूल तिसऱ्या ते पाचव्या वर्षी येतं. तोवर प्लॅस्टिकच्या पट्टीवरची मार्करची अक्षरं उन्हाने उडून गेलेली असतात. म्हणून अॅल्युमिनियमची पट्टी घ्या, खिळ्याने अक्षरं कोरा, आणि ती झाडाला न बांधता कुंडीत आत, मातीखाली खोचा.